अर्ध्या शेतातलं सलफेट

मु. सानपाडा,
ता. ११ नोव्हेंबर १९५६

चिरंजीव वामन यास बाबांचा आशीर्वाद.

घरी सगळं ठीक. तुजी आय बरी हाय, तुज्या बहिनीचं, कमळीचं लग्न माघात उरकायचं म्हनते. खाडीचा बांद यंदाच्या उधानाला पुरून उरला. मी स्वता चिखल मारलाय, फुटंल कसा? तू गोदीत ओझी उचलतोस म्हनं, शेजारचा नामदेव सांगत होता. पाठीला सांबाळ.

कारन असं की शेताची खबर द्यायची हाय. खरं तर द्यायची नव्हती, पन गावातला कोनी तुज्याकडं आदी पोचला तर तिखटमीठ लावून सांगंल. त्यापेक्षा मीच सांगतो.

गेल्या साली तू भाताला घालायला सरकारी सलफेट खत आनलंस. अर्दी किंमत सरकार भरतं म्हनून नाचत आलास. मी चिमूटभर जिभेवर ठेवलं आन् भडकलो. बापजाद्यांनी जन्मभर खाडीचं मीठ शेताबाहेर ठेवलं, आन् माजा पोरगा पोत्यातून मीठ घेऊन आला! मी पोतं खाडीत ओतलं. तू जेवत्या ताटावरून उठलास तो मुंबईला गेलास. यात माजं काय चुकलं? खारट ते खारट.

मंग या साली मी स्वता जाऊन सलफेट आनलं.

हसू नकोस. शेतकीच्या साहेबाला मी बजावलं, "सरकारचा अर्दा पैसा फुकट जानार, सांगून ठेवतो." तो म्हनाला, "जाऊ द्या, काका." बांदाखालच्या शेतात मी मदोमद काठ्या रोवल्या आन् एकाच बाजूला सलफेट फेकलं. तुजी आय बोलली, "अर्द्यातच का?" मी बोललो, "हे अर्दं मरंल, ते अर्दं जगंल. मंग वामनला बोलवून बांदावर उबा करतो आन् इचारतो, कोन शाना ते." खोटं कशाला बोलू? तुला खोटं पाडायलाच आनलं होतं.

भादव्यात शेतानं माजी लाज काढली. सलफेटचं अर्दं काळंभोर हिरवं, कमरेला लागलं. दुसरं अर्दं पिवळट, गुडघ्याएवढं. मदे सरळ रेघ! आन् शेत कुठं, तर ज्या बांदावरून सगळा गाव मासळीला जातो त्याच्या खाली. म्हातारी सखू रोज टोपली खाली ठेवून इचारायची, "तुळशीराम, यातलं तुजं कुठलं रे?"

मी पन छाती काढून सांगायचो, "पिवळं माजं. हिरवं वामनचं."

आता सगळे साहेबाच्या मागं लागलेत, आमाला पन सलफेट द्या म्हनून. त्यांना साहेबाकडं घेऊन जातो मीच, कसं फेकायचं ते शिकवतो पन मीच. माजा मान काय गेला नाय, समजलं?

पिवळं कापून झोडून झालं. तुजं अर्दं आठ दिस मागून पिकलं. लोंब्या वाकल्यात, आता दाना गळायला लागंल. नामदेव इळा घेऊन आला होता, त्याला मी बांदावरूनच परत पाठवला. तुजी आय करवादते, सोन्यासारखं पीक मातीत घालवाल. जाऊ दे मातीत. त्याला माजा हात लागनार नाय आन् दुसऱ्या कोनाचा मी लागू देनार नाय.

वामन, तू बरोबर होतास. बांदावर गावासमोर बोललोय, आता लिहिलं पन. तुज्याबिगर घर खायला उठतं रे.

तुजा इळा घासून ठेवलाय. लवकर ये.

पिवळ्या अर्द्याचा मालक,
तुजा बाप,
तुळशीराम