गरम पडणाऱ्या गोळ्या

बाबा, तुमच्यावरचा राग अजून गेलेला नाही, म्हणून लिहिते आहे. तिकडे आखातात, देऱ्यातल्या तुमच्या खोलीत सगळे तुम्हाला डॉक्टर म्हणायचे. एसी दुरुस्त करणारा माणूस, पण सुट्टीवरून परतताना बॅगेत कुळथाच्या पिठाखाली अँटिबायोटिकच्या पट्ट्या. कोणी खोकलं की कात्रीनं दोन गोळ्या कापून द्यायच्या. "ताप उतरला की खलास. जास्त घेऊ नको, गरम पडतात." हे मला फोनवर कौतुकानं सांगायचात. मी तेव्हा मायक्रोबायोलॉजी शिकत होते, आपल्या घरातली कॉलेजला गेलेली पहिलीच. म्हटलं, बाबा, अशानं जंतू मरत नाहीत, कोडगे होतात. "चार बुकं शिकलीस म्हणून बापाला शिकवतेस?" फोन ठेवलात. आणि निकाल लागल्यावर खोलीभर पेढे वाटलेत. तुम्हाला माझी पदवी हवी होती, माझं म्हणणं नको होतं.

न्यूमोनिया झाला तेव्हाही आधी स्वतःचेच डॉक्टर झालात. हॉस्पिटलात पोचेपर्यंत इतक्या गोळ्या पोटात गेल्या होत्या की बेडक्याच्या तपासणीत काही वाढलंच नाही. जंतू कोणता, त्याला कोणतं औषध लागू पडेल, कळेना. तिथले डॉक्टर अंदाजानं औषधं बदलत राहिले आणि तुम्ही गेलात. नाहीतर वाचला असतात का, ते मी सांगू शकत नाही. तेवढंसुद्धा कळायची सोय तुम्ही ठेवली नाहीत.

आता मीही आखातातच, रोल्लातल्या एका लॅबमध्ये तेच तपासणीचं काम करते. बेडक्यातला जंतू प्लेटवर वाढवायचा, वर औषधांच्या चकत्या ठेवायच्या. जिच्याभोवती स्वच्छ गोल उमटतो, ते औषध लागू. रिकामी प्लेट निघाली की अजून तुमचाच राग येतो.

परवा रत्नागिरीकडचा एक सुतार आला. अंगात ताप, छाती भरलेली, आणि डबीत नुसती थुंकी. खोल खोकून छातीतला बेडका द्या, म्हटलं. तो म्हणाला, उद्या देतो, रूमवाल्यानं दिलेल्या गोळ्या खिशातच आहेत, दोन घेतो म्हणजे छाती मोकळी होईल. आधी नमुना, मग डॉक्टर देतील ते औषध, तेही पूर्ण. मी परोपरीनं समजावते आहे आणि तो हसतो आहे. "मॅडम, तुम्ही काय डॉक्टर आहात?"

पदवी सांगून उपयोग नव्हता. "माझे वडील डॉक्टर होते," मी म्हटलं. "देऱ्यात. ते सांगायचे, नमुना दिल्याशिवाय एकसुद्धा गोळी घ्यायची नाही."

तो पुन्हा डबी घेऊन बसला. खोकत राहिला आणि नमुना दिलाच. आज त्याच्या प्लेटवर एका चकतीभोवती स्वच्छ गोल आहे.

हे पत्र मी पाठवणार तरी कुठे. पण एक सांगते. तुमच्या तोंडून एकदाचं माझं वाक्य ऐकलं, आणि बरं वाटलं.