नऊ तासांचा प्रवास

चि. धाकट्यास,

ताईचे अनेक आशीर्वाद. (रागात आहे, तरी देते. आशीर्वादाशिवाय पत्र सुरूच होत नाही, त्याला मी काय करू?) आम्ही दोघं घरी सुखरूप पोचलो. आई आहे तशीच आहे. तू, वहिनी आणि बाळ मजेत असालच. माझे पाय अजून सुजलेले आहेत. तू विचारलं नाहीस तरी सांगते.

"ताई, नऊ तासांचा तर प्रवास! एक झोप काढलीस की आमच्या दारात." हे तुझे शब्द. नऊ तास कुठून कुठपर्यंत, हे विचारायची अक्कल मला नव्हती. ते म्हणे विमानाची चाकं उचलल्यापासून पुन्हा टेकेपर्यंतचे, आणि तेही थेट जाणाऱ्या विमानाचे. आमचं विमान मध्येच एका शहरात उतरवणारं. (तिकीट तूच काढलंस.) मग घरापासून विमानतळ, तिथल्या रांगा, माझी शिवणाची कात्री काढून घेणाऱ्या बाईशी झालेलं भांडण, हे सगळं तू कुठल्या घड्याळात धरलंस?

त्यात तुझे भाऊजी. सुतार माणूस, निघण्याआधी नकाशावर पट्टी ठेवून सरळ रेघ मारून बसलेले. समोरच्या पडद्यावर विमानाची वाट कमानीसारखी वाकलेली दिसली आणि ह्यांचं डोकं फिरलं. हवाईसुंदरीला बोलावून म्हणाले, "पायलटला सांगा, वाकडं चाललंय." पृथ्वी गोल असते, असं तिने हसून समजावलं. "असेल गोल," हे म्हणाले, "पण मी पट्टी लावून पाहिलंय." पुढचा सगळा वेळ माझ्यावर रुसून बसले, जणू पृथ्वी माझ्या माहेरची!

समोरून वारा होता म्हणून उशीर झाला आणि पुढचं विमान आमच्या डोळ्यांदेखत गेलं. मग लोखंडी खुर्च्यांवर बसून राहिलो. (त्यांना मध्ये मध्ये हात असतात, माणसाने चुकूनही आडवं होऊ नये म्हणून.) दुसऱ्या संध्याकाळी तुझ्या दारात आले ती ह्यांचे मोजे घालून, चपला हातात. आणि तू काय म्हणालास? "उशीर झाला थोडा, पण विमानात काय, नुसतं बसायचंच तर असतं!" वहिनी पाणी घेऊन आली म्हणून वाचलास.

तिथे मांडीवर बाळ होतं, म्हणून गप्प बसले. आता बोलते. गेल्या वर्षी आई न्हाणीघरात पडली, तेव्हा मी तुला दवाखान्यातून फोन केला होता. तू म्हणालास, "ताई, इतक्या लांबून कसा येऊ? जाण्यायेण्यातच चार दिवस मोडतील." म्हणजे खरा हिशेब तुला पाठ होता! मी तुझ्याकडे यायचं तर नऊ तास, आणि तू आईकडे यायचं तर चार दिवस? आकाश तेच ना रे?

असो. बाळाचा पापा घे.

तुझी,
ताई

ता. क. वहिनीला सांग, बाळाच्या झबल्यांची बटणं काढून मी नाड्या लावल्यात. बटणं तोंडात घालतं ते.

ता. क. २. पुढच्या महिन्यात आईच्या डोळ्याचं ऑपरेशन आहे. तुला कळवायचं नाही, अशी तिची सक्त ताकीद आहे: त्याला लांब पडतं, उगाच धावपळ नको. तरी कळवते. ये. तोंडाने नको नको म्हणते, आणि रोज सकाळी तुझ्या पलंगावरची गादी मला गच्चीत उन्हात टाकायला लावते.