चुलीमागचं हसू

माय, तुझं हसणं मी बंद केलं. हे आजवर कुणाला सांगितलं नाही.

धाकटीच्या लग्नाला वऱ्हाड देऊळगाव राजाहून एस.टी.ने आलं होतं. बाबांना जाऊन वर्षही झालं नव्हतं. त्याआधी गावात कुणाचंही लग्न असो, विहिणींच्या पंगतीत थट्टेची गाणी रचायला तुलाच बोलावणं यायचं. आता स्वतःच्या लेकीच्या लग्नातही तू आत चुलीपाशी, कुणाच्या नजरेस पडायचं नाही म्हणून. बाबांची गोष्ट निराळी होती. आजी गेली त्या महिन्यातही ते पारावर बसून लोकांना हसवत होते आणि लोक म्हणायचे, गड्याचं काळीज मोठं आहे.

पंगत बसली. मी वाढतेय, माझी सासू नव्या विहिणीच्या शेजारीच बसलीय. बायकांना गाणं काही सुचेना. मग तू आतून हळूच ओळी पुरवल्यास आणि काकूनं त्या दारात उभं राहून मोठ्यानं म्हटल्या:

"विहीण म्हणते नको नको, पोट माहं लहान,
पोळ्यांची टोपली संपली, आता मागते पान."

विहीणबाई स्वतःच खो खो हसल्या. पण सगळ्यांच्या वर आतून तुझं हसणं ऐकू आलं. सासूचा घास हातातच राहिला. "तुही मायच हासून राह्यली ना वं?" तिनं मला विचारलं.

थोड्या वेळानं चुलीपाशी मी तुला बोलले, "बाबाले जाऊन वर्ष नाही झालं, अन् तुले हासू कसं येते? लोकं काय म्हणतीन?" तू म्हणालीस, "चुकलं बाप्पा माहं," आणि तव्याकडे वळलीस.

त्यानंतर मी माहेरी आले की तू पिकाचं विचारायचीस, पोरांचं विचारायचीस. थट्टा कधीच नाही. शेजारीण एकदा म्हणाली, "तुही माय वावरात निंदाले आली का आमचे पोटं दुखतेत हासूहासू." मला ते नवीनच होतं. मी हो हो म्हटलं आणि घरात येऊन रडले.

मागच्या वर्षी माझे मालक गेले. दहाव्याच्या दिवशी त्यांचा फोटो भिंतीवर लावताना मी म्हटलं, "जन्मभर मान हलवत राह्यले, आता तरी सरळ उभे राह्यले." सगळं घर हसलं. सुनेनं माझा हात धरला, तीही हसत होती. मला कुणी गप्प केलं नाही, माय, आणि तेच मला सोसवेना.

एक गोष्ट राहिली. त्या दिवशी मी तुला गप्प करायला आत आलेच नव्हते. मला हसू आवरत नव्हतं, म्हणून पदर तोंडात कोंबून पळत आले होते. तू ते ओळखलंस, जागा करून दिलीस, आणि आपण दोघी चुलीमागे बसून डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसलो. मग दारात सासू दिसली, आणि मी पदर सारखा करून ते बोलले.