उपटलेला प्लग

शनिवार, स्कारबरो

दुपारभर लॅपटॉपवर कमांड मारत बसले. वायफायचा ड्रायव्हर काढला, परत टाकला, पुन्हा काढला. शेजाऱ्यांची सगळी नेटवर्क दिसतात, आमचंच नाही! तरी मी आपली ड्रायव्हरलाच शिव्या घालतेय.

शेवटी राउटरकडे बघितलं. प्लग उपटलेला! पुण्याहून आलेल्या बाबांशिवाय कोण करणार? इथे पुण्यासारखं सॉकेटला बटण नसतं, म्हणून सरळ प्लगच उपटायचा?

तणतणत त्यांच्या खोलीत गेले.

"अगं, उगाच दिवा जळत होता त्याचा," म्हणे.

उगाच? माझी अख्खी दुपार गेली!

बाहेर बर्फ, आणि बाबा शाल गुंडाळून बसलेले. बघते तर हीटरचाही प्लग उपटलेला. म्हणजे स्वतःलासुद्धा 'उगाच'मध्येच धरतात की काय!