ब्यांकेत शिरलेला बिरदेवाचा एडका

ति. दाजींच्या पायावर हुलसूरहून पिराप्पाचं डोकं. तुमचा गुडघा आता कसा हाय? नागव्वाला म्हणावं, भाऊ जिता हाय, पण घराबाहेर निघंना झालाय.

त्याचं असं झालं, आपण बिरदेवाला सोडलेला एडका (बांधायचा न्हाई, मारायचा न्हाई, 'माझा' म्हणायचा न्हाई, हे तुम्हाला मी काय सांगावं) माझ्या खिशातल्या फुटाण्यापायी दिवसभर माझ्या मागं फिरतो. सोमवारी तेजश्रीच्या लग्नाचे दागिने काढायला ब्यांकेत गेलो तर हा मागं हायच. ब्यांकेला नवं काचेचं दार बसवलंय, इतकं लख्ख की त्याला आत दुसरा एडका दिसला. जरा मागं सरला आणि... दाजी, धडकच मारली. दार खाली आलं, रखवालदार टेबलाखाली गेला (बंदूक बाहेरच राहिली), आणि एडका काचा तुडवत जाऊन पंख्याखाली बसला.

म्यानेजर उत्तरेकडला, नवा. किसका है, विचारायलाय. सगळी लाईन पासबुकात बघायली. देवाच्या जनावराला आपलं म्हणून पाप कोण घेणार? शेवटी लाईनीतला मडिवाळप्पा म्हणला, ह्याचा मालक बिरदेव. साहेबानं लगेच बिरदेवाचा पत्ता मागितला. तेवढ्यात एडका उठला आणि सरळ येऊन माझ्या खिशात तोंड घातलं. मी दागिने न घेताच पळालो.

आता साहेब क्यामेऱ्यात बघायलाय म्हणं. शुक्रवारी हळद, माझ्या सहीबिगर लॉकर उघडत न्हाई, आणि मी दिसलो की धरत्यात. लेक लंकेची पार्वती होऊन बोहल्यावर जाती का काय, हेच भेव. फोन बंद ठेवलाय (नंबर ब्यांकेत हाय). दारात मोटरसायकल थांबली की मी कणगीमागं. तेजश्री ताट तिथंच आणून देती आणि हसती.

घरात सगळ्यांना नमस्कार.

तुमचा मेव्हणा,
पिराप्पा

ता.क. तुमची दारं लाकडाचीच हायत ना? ह्या पत्रासंगं टेम्पोतनं एडका तुमच्या गावाला, राजेश्वरला पाठवायलोय. बांधला न्हाई, फुटाणे दाखवून चढवलाय. लग्न होईतो संभाळा.

ता.क. टेम्पोवाला मालकाचं नाव मागायलाय. बिरदेव चालत न्हाई म्हणला, म्हणून तुमचं सांगितलं.

ता.क. आत्ताच ब्यांकेचा शिपाई येऊन गेला. मी कणगीमागं होतो. टेम्पोवाल्यानं त्याला तुमचं नाव, पत्ता, सगळं दिलं. उद्या सकाळी साहेब स्वतः तुमच्याकडं निघायलाय, तो तिकडं हाय तवर मी ब्यांकेत जाऊन दागिने काढतो. त्याला चहा पाजा. काय वाटंल ते बोला, पण दाजी, एडका 'माझा' तेवढं म्हणू नका. पाप लागंल.