डोळे आखायचे राहिलेत

तीर्थरूप बाबांना अंतराळयानातून मृणालीचा नमस्कार.

मी वेळेवर जेवते. पेणला कारखान्यात मूर्ती सुकल्या का? आईचा खोकला कसा आहे?

आमच्या संशोधक हेमांगीताईंचा यानातच खून झाला. त्याही पेणच्याच. त्यांचं संशोधन संगणकाच्या पडद्यावरच्या गणपतीच्या चित्रामागे कुलूपबंद आहे. रंग योग्य क्रमाने भरले तरच ते उघडतं, चुकलं तर सगळं पुसलं जातं. कॅप्टन म्हणाले, "आधी डोळे रंगवू." मी ओरडले, "नाय हो! डोळे शेवटी!"

आता फक्त डोळेच उरलेत. उद्या सगळ्यांसमोर मी ते आखणार, आणि त्या सगळ्यांतच खुनी आहे.

हात थरथरत असेल तर डोळे आखू नयेत, असं तुम्ही शिकवलंत. थरथरत्या हाताने आखायचेच असतील तर काय करायचं, बाबा?

आईला हे वाचून दाखवू नका.

तुमचीच,
मृणाली