करंगळीचं कौतुक

४ फेब्रुवारी

अब्रू जायची ती वाचली! ब्लूजची सुरावट फंकच्या ठेक्यावर पळत होती, पुढे फ्री जॅझचा धुमाकूळ घालायचा होता — आणि डाव्या हाताची करंगळी गिटारच्या तारेवर पडेचना. बधिर. तिची शेजारीणही. मी अडले. ड्रमवरचा धाकटा भाऊही गप्प. सभागृह चिडीचूप. मग कसेबसे तीन सूर. पुन्हा काही नाही. लोक उभे राहिले. मला वाटलं, निघाले घरी. तर टाळ्या!

आई म्हणाली, "पंचवीस वर्षांत पहिल्यांदा माझं डोकं दुखलं नाही."

९ फेब्रुवारी

पेपरात लेख. समीक्षकबुवा लिहितात, "या गिटारवादक बाईंना अखेर शांतता वाजवता आली." आजवर हेच गृहस्थ माझ्या वादनाला 'जिन्यावरून घरंगळणारं कपाट' म्हणत! कात्रण फ्रिजवर लावलं.

१५ फेब्रुवारी

डॉक्टरांकडे जाऊन आले. कोपरात नस दबलीय. छोटं ऑपरेशन, दीड महिना विश्रांती, बोटं ताळ्यावर येतील. "पण उशीर केलात तर सांगता येत नाही." मग विचारलं, "वाजवता काय?" मोबाइलवर ऐकवलं. बराच वेळ मान हलवून म्हणाले, "मग फरक कळेल का कुणाला?"

घरी कुणाला सांगितलं नाही.

२ मार्च

तीन कार्यक्रम. तिन्ही हाउसफुल्ल.

२० मार्च

रेकॉर्ड कंपनीला अल्बम हवाय — "आणि ते तुमचं थांबणं भरपूर घ्या हं!" ज्यांच्या दारात वीस वर्षं ताटकळले, त्यांनी स्वतः उठून चहा आणला. ऑपरेशन पुढे ढकललं. बोट बरं झालं की मी पुन्हा कपाट!

सकाळी केसांची क्लिप हातातून तीनदा निसटली. करंगळीला चिमटा काढला, चांगला नख लावून. काही नाही. मग मात्र पलंगावर बसून रडले.

२८ मार्च

भावाची चिडचिड वाढलीय. सरावाला सारखं एकच — "पूर्वीचं काहीतरी वाजवूया ना." कीर्ती मानवत नाही त्याला, बिचारा!

३ एप्रिल

उद्या रेकॉर्डिंग. राहवेना. भावाला सगळं सांगून टाकलं — नस, डॉक्टर, ऑपरेशन. त्याने ड्रमच्या काठ्या खाली ठेवल्या.

"बोटाचं माहितेय, ताई. पहिल्या दिवसापासून. तू अडखळलीस की मी हात उचलतो. ठेका चालू ठेवला असता, तर तू चुकलीस हे शेवटच्या रांगेलाही कळलं असतं."

म्हणजे लोक उभे राहिले ते याच्या थांबण्यासाठी!

"करून घे गं ऑपरेशन," तो म्हणाला. "दोन महिने झाले. मलाही वाजवायचंय."